दुपारी दोन वाजता कोण?

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, रोजचं अपडाऊन. सकाळी सव्वानऊला घर सोडतात, संध्याकाळी साडेपाचला परततात. पतीचं बाजारात कृषी सेवा केंद्र आहे. दुपारी दोनला ते जेवायला घरी येतात. घरी सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई आणि चौथीतली मुलगी.

चार महिन्यांपूर्वी बायपासवर एका छोट्या कुत्रीला गाडीने उडवलं. पामेरियन आणि गावठीची मिसळ, सहा-सात किलो वजन, वय दोन-अडीच वर्षं. मागचे दोन्ही पाय लुळे पडले. गावातल्या एका तरुणाने तिला उचललं, उपचार केले आणि आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये इतर जनावरांसोबत ठेवलं. मुलीने तिचं नाव चिंगी ठेवलंय. तरुण म्हणतो, "बाकी काही त्रास नाही ताई, लघवी आपोआप होते, फक्त डायपर लावायचं. तुम्ही नाही नेली तर हिला कायमचं झोपवायची सुई द्यावी लागेल."

ताई पुढे लिहितात : "मिस्टरांची काही हरकत नाही. सासूबाई मात्र ऐकूनच घेत नाहीत. म्हणतात, 'तू जातीस शाळंला, त्यो बसतो दुकानात. तिचं हागणं-मुतणं कोण काढणार हाय? मीच का?' शिवाय देवघराला शिवाशीव होईल, कुत्री पिसाळेल, ही भीती आहेच. ज्या मराठवाड्यातले नामदेव महाराज कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ज्या मराठवाड्यातल्या नाथांनी तहानेल्या गाढवाला कावडीतलं गंगाजल पाजलं, तिथे एका मुक्या जिवाला आमच्या घरात जागा नसावी? मुलीपुढे मी काय आदर्श ठेवतेय? उन्हाळ्याच्या सुट्टीत चिंगीला आणायचं मनात आहे. सासूबाईंना कसं समजावू?"

ताई,

सासूबाईंना कसं समजवायचं, हे मी सांगणार नाही. निदान आधी तरी नाही. त्यांचं ते वाक्य तुम्ही विरोधाचा पुरावा म्हणून लिहिलं आहे. मला मात्र अख्ख्या पत्रात चिंगीच्या आजाराची खरी जाण असलेलं ते एकच वाक्य वाटलं. बाकी सगळ्यांनी चिंगीच्या डोळ्यांकडे पाहिलंय. त्या माउलीने एकटीने चिंगीच्या मूत्राशयाचा विचार केलाय, आणि मागचे पाय गेलेल्या कुत्र्याचं सगळं आयुष्य तिथेच अडतं.

जरा सविस्तर सांगतो, कारण हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. मणक्याला मार लागला की पाय जातात तसाच बहुतेक वेळा लघवीवरचा ताबाही जातो. काही कुत्र्यांची लघवी सतत गळत राहते. काहींची आत तुंबते, पिशवी काठोकाठ भरली की वरचं तेवढं बाहेर सांडतं आणि बघणाऱ्याला वाटतं, "लघवी आपोआप होते." तो तरुण खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, डझनभर जनावरांच्या धबडग्यात त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं. पण डायपर ओलं होणं म्हणजे पिशवी रिकामी होणं नव्हे. आत उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, संसर्ग वरवर चढत मूत्रपिंडापर्यंत जातो, आणि अशी कुत्री दगावतात ती बहुधा लुळ्या पायांनी नाही, या संसर्गाने किंवा चिघळलेल्या जखमांनी दगावतात. मादीला हा संसर्ग नरापेक्षा जास्त होतो.

म्हणून अशा कुत्र्याची लघवी हाताने काढावी लागते. पोटाच्या मागच्या भागात, मांड्यांच्या जरा पुढे, दोन्ही बाजूंनी हात लावून पिशवी चाचपायची आणि हलकेच, सलग दाब देत शेपटीच्या दिशेने रिकामी करायची. झटका द्यायचा नाही. दिवसातून तीन ते चार वेळा, साधारण सहा ते आठ तासांनी, रोज. दिवाळीत, लग्नसराईत, तुम्हाला ताप आला असेल तेव्हाही. हे वाचून शिकता येत नाही. डॉक्टरांनी तुमच्या हातावर हात ठेवून दाखवावं लागतं. आठवड्याभरात हात बसतो आणि मग पाच मिनिटांचं काम होतं. अवघड नाही. चुकवता येत नाही, एवढंच.

आता तुमचं घड्याळ मांडू. सकाळी नऊला तुम्ही काढाल. संध्याकाळी साडेपाचला आल्यावर काढाल. रात्री झोपताना एकदा आणि पहाटे उठल्यावर एकदा. मधली साडेआठ तासांची पोकळी उरते. काही कुत्र्यांना ती एखाद्या दिवशी निभावते, रोज निभावेलच असं नाही. त्यात डायपर भरलं तर बदलायचं, शी झाली तर पुसायची, सरपटत उन्हात गेली तर आत आणायची. हे कोण करणार? घरात त्या वेळी एकच माणूस आहे. ती तुम्हाला विचारतेय, "मीच का?" आणि तुम्ही मला विचारताय, हिला कसं समजावू.

नाथांची गोष्ट तुम्ही काढलीत, ती मलाही फार प्रिय आहे. पण ती नीट आठवा. काशीहून रामेश्वराला न्यायची कावड होती, ती नाथांची स्वतःची होती. पुण्य पणाला लावलं ते आपलं. शेजारच्या वारकऱ्याची कावड ओढून त्यांनी गाढवाच्या तोंडाला लावली नाही. आणि कथेत ते गाढव पैठणला घरीही आलं नाही. जागेवरची तहान भागवली, एवढ्यावर कथा पुरी होते, तिचं मोल त्याने कमी होत नाही. नामदेव महाराजही तुपाची वाटी घेऊन स्वतः धावले. तुम्ही मात्र सासूबाईंच्या कावडीतलं पाणी पाजायला निघाला आहात, आणि त्या कावड देत नाहीत म्हणून त्यांच्यावर नाराज आहात. हे कडू लागलं तर माफ करा. तुमच्या मनात कणव आहे म्हणूनच एवढं स्पष्ट लिहितोय.

आता तुमच्या मिस्टरांकडे येतो. पत्रात त्यांना चार शब्द मिळालेत : "मिस्टरांची काही हरकत नाही." आपल्याकडे पुरुषाची हरकत नसली की निम्मं काम झालं असं मानतात. मला तर हरकत असलेल्या सासूबाई जास्त भरवशाच्या वाटतात, निदान त्यांनी कामाचा हिशेब तरी मांडला. पण तुम्हीच लिहिलंय की ते रोज दुपारी दोनला जेवायला घरी येतात. म्हणजे पोकळीच्या बरोबर मध्यावर! नऊ ते दोन पाच तास, दोन ते साडेपाच साडेतीन तास. ते येऊन हात धुतात त्याआधी पाच मिनिटं चिंगीला दिली, तर सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर घरातच आहे. ते त्यांना विचारलंय का? "कुत्री आणू का" हे विचारलं असेल. "रोज दोन वाजता तिची लघवी तुम्ही काढाल का, हे शिकायला माझ्यासोबत दवाखान्यात याल का" हे विचारलेलं दिसत नाही. पहिल्याला हो म्हणायला काही लागत नाही.

आणि विचारताना मिरगाचं विचारायला विसरू नका. जूनमध्ये पाऊस झाला की सोयाबीन, कपाशीच्या बियाण्याला आणि खताला त्यांच्या दुकानावर रांग लागत असेल. त्या दिवसांत माणूस जेवायलाच घरी येत नाही. नेमकी त्याच सुमारास, जूनच्या मध्यावर, तुमची शाळा उघडते. म्हणजे वर्षातला सगळ्यात कठीण पंधरवडा तोच. त्या पंधरवड्याची सोय आजच बोलून ठेवा. धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशी तयार असतील तर उत्तम, पण त्यांच्यावर हे काम गुपचूप ढकलू नका. वेगळे पैसे, आधी शिकवणं आणि नाही म्हणायची मुभा, हे तिन्ही हवं.

सुट्टीत आणायचा बेत मला म्हणूनच फसवा वाटतो. सध्या सकाळची शाळा असेल तर तुम्ही दुपारी घरी असता. मे महिनाभर तर दिवसभर असाल. चिंगी छान रमेल, तुमचा हात बसेल, मुलगी खूश, सासूबाईही थोड्या निवळतील. मग जूनमध्ये सगळं एकदम उलटं होईल आणि तोपर्यंत तिला परत पाठवणं जिवावर येईल. सुट्टीत आणायचीच असेल तर एक करा : सुट्टीतही शाळेचं वेळापत्रक पाळा. सव्वानऊ ते साडेपाच तुम्ही घरात असलात तरी चिंगीपुरत्या शाळेत आहात. हात लावायचा नाही. दोनला मिस्टर आले तर करतील, नाही आले तर संध्याकाळी काय अवस्था होते ते दोघांनी बघायचं. पहिले दोन दिवस हसू येईल, तिसऱ्या दिवशी खरं काय ते कळेल. फक्त डॉक्टरांनी सांगितलेल्या तासांपलीकडे तिला तुंबू देऊ नका. नाटकासाठी तिचा जीव टांगणीला लावायचा नाही.

पण त्याआधी चिंगीची नीट तपासणी व्हायला हवी. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर चांगले असतात, पण त्यांचा दिवस गाई-म्हशी-शेळ्यांत जातो. तुम्हाला परभणी जवळ आहे, तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूर-नांदेडकडच्या वाचकांना उदगीरचं महाविद्यालय जवळ पडेल. तिथे कुत्र्या-मांजरांचे रुग्णही बघितले जातात. जाण्याआधी वेळ विचारून घ्या आणि तरुणाकडचे जुने कागद, एक्स-रे, दिलेल्या औषधांची नावं सोबत न्या.

डॉक्टरांना विचारायचं ते हे. पिशवी तुंबणारी आहे की गळणारी? लघवीची तपासणी करून संसर्ग आहे का? रक्तात गोचीड-तापाची लक्षणं आहेत का? पायांत वेदनेची जाणीव उरली आहे का? ही शेवटची तपासणी तुम्ही समोर उभं राहून बघा. तिच्या मागच्या पायाचं बोट चिमट्यात दाबल्यावर नुसता पाय आखडला तर त्यावर आशा बांधू नका. ती हालचाल मणक्याच्या पातळीवरच होऊ शकते. चिंगीने मान वळवून बघितलं, ओरडली किंवा चावायला आली, तर वेदना मेंदूपर्यंत पोचतेय. ज्यांची जाणीव शाबूत असते त्यांच्यात सुधारणेची शक्यता पुष्कळ जास्त असते. तरीही, चार महिने उलटून गेलेत. व्यायाम-मालीशने ती पुन्हा चालेल या आशेवर निर्णय बेतू नका. चाललीच तर आनंदच आहे. ती आज आहे तशीच पुढची दहा-बारा वर्षं राहील, असं धरून चाला. छोटी कुत्री पुष्कळ जगतात, आणि चिंगी अजून तीन वर्षांचीही नाही. तुमची चौथीतली मुलगी कॉलेजला जाईल तेव्हाही चिंगीची लघवी काढायची असेल, आणि सासूबाई तेव्हा ऐंशीच्या असतील.

आदर्शाचंही इथेच बोलून टाकतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने नाव ठेवलं, तिने जीव लावला, हे खरं. पण तिच्या जिवावर हे काम ठरवू नका आणि "तूच म्हणाली होतीस ना" असं तिला कधी ऐकवू नका. आईने भावनेच्या भरात न जाता चौकशी केली, आजीला नीट विचारलं, बाबांनी बाही सरसावली, हेही ती बघतेच आहे.

सासूबाईंच्या भीतीतली एक गोष्ट मात्र तुम्ही थोड्या माहितीने दूर करू शकता. पिसाळण्याची. रेबीज झालेल्या कुत्र्याचेही पाय लुळे पडतात, त्यामुळे त्यांची शंका खुळी नाही. पण लक्षणं दिसू लागल्यावर असं कुत्रं साधारण दहा दिवसांच्या आत मरतं. चिंगीला चार महिने झालेत आणि तिला गाडीने उडवलेलं लोकांनी पाहिलंय. तेव्हा हा लुळेपणा रेबीजचा नाही, हे त्यांना खात्रीने सांगा. तरी रेबीजची लस घरात आणण्याआधी टोचलेली हवी, पुढे दरवर्षी हवी. सोबत डिस्टेंपर आणि पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांची लस, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, आणि नसबंदी झालेली नसेल तर ती कधी करता येईल ते विचारा. लघवी काढताना दुखलं तर गरीब कुत्रीही वळून चावते. चावा, ओरखडा काहीही झालं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावत बसायचं नाही.

देवघराचं म्हणाल तर त्यावर वाद घालू नका. सत्तर वर्षांचा आचार आहे, तो घर त्यांचंही आहे म्हणून पाळायचा. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात हा मुद्दा तुमच्या ओठांवर आला असेल, तो गिळा. त्याऐवजी चिंगीची जागा त्यांनाच ठरवू द्या. पडवी, जिन्याखालचा कोपरा, मागची खोली, काहीही चालेल. अट एकच : डोक्यावर नुसता पत्रा नको. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली भट्टी होते आणि चिंगीला उठून सावलीत पळता येत नाही. गार फरशी, पाण्याचं जड भांडं जे सांडणार नाही, दुपारी कूलरचा किंवा पंख्याचा वारा. जोरात धाप, लाळ, लालभडक हिरड्या दिसल्या तर अंगावर गार पाणी ओतून पंख्याखाली घ्या आणि डॉक्टरांना फोन करा.

फरशीवरून आठवलं. शहाबादी फरशीवर सरपटून पायाचे पंजे आणि गुडघे सोलवटतात, आणि तिथे जाणीव नसेल तर तिला कळतही नाही. काही कुत्री ती बधिर बोटं चघळून जखमी करून घेतात. रोज संध्याकाळी पंजे, ढुंगणाची हाडं, मांड्यांची आतली बाजू उजेडात बघायची. लघवीने ओल्या कातडीवर माश्या बसतात आणि पावसाळ्यात बघता बघता अळ्या पडतात. खेड्यातल्या कुठल्याही गुरांच्या डॉक्टरांना विचारा. कानामागेही बघा. मागच्या पायाने खाजवता येत नाही, म्हणून तिथे गोचीड निवांत वाढतात. लहान बाळाचं डायपर शेपटीसाठी भोक पाडून चालतं, पण ते दर काही तासांनी बदलायचं आणि दिवसातला बराच वेळ अंग उघडं, कोरडं ठेवायचं.

अंथरुणाचा प्रश्न बारीक वाटतो, पण ज्या गावात नळ आठवड्याने येतो तिथे तो मोठा आहे. वाकळ घालाल तर रोज एक वाकळ धुवायला पाणी कुठून आणणार? खाली फोमची गादी, तिला रेक्झिनचं आवरण, वर जुन्या सुती साडीच्या घड्या. घडी ओली झाली की काढायची, थोड्या पाण्यात खंगाळून कडक उन्हात टाकायची. ऊन तरी आपल्याकडे फुकट आणि भरपूर आहे!

खाण्याचं सोपं आहे. नुसती भाकरी-दूध मात्र पुरणार नाही. अंडी, चिकन किंवा तयार खाद्य हवं, आणि बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून शिजवलेला लाल भोपळा थोडा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही. वजन वाढू द्यायचं नाही; सहा किलो उचलणं आणि दहा किलो उचलणं यात तुमच्या कंबरेला फरक पडतो, तिच्या पुढच्या पायांना त्याहून जास्त.

मोबाईलवर दोन चाकांच्या गाडीत धावणारी कुत्री तुम्ही पाहिली असतील. गाडी चांगलीच गोष्ट आहे. मापाने करून मिळते, हुशार फॅब्रिकेटर पाइप आणि छोट्या चाकांतूनही बनवून देतो. पण त्यात तिला नीट आडवं पडता येत नाही, म्हणून थोडा थोडा वेळ, कोणी समोर असतानाच बांधायची. नऊ ते साडेपाच ती गाडीत फिरत राहील, असं चित्र कोणाच्या मनात असेल तर पुसा.

पैशाचा आकडा मी देत नाही, गावागणिक बदलतो. तुम्ही स्वतः महिन्याचं डायपर, खाणं, औषध आणि वर्षाच्या लसी लिहून काढा, आणि त्याशिवाय एक रक्कम बाजूला ठेवा, जिला एरवी हात लावायचा नाही. लघवीला उग्र वास, गढूळपणा, रक्त, ताप, खाणं सोडणं, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी परभणी गाठावी लागेल, बहुधा खासगी गाडी करून.

आता त्या सुईबद्दल. तरुणाच्या बोलण्याचा मला राग येत नाही, तो दमलेला आहे. पण हे ओझं तुमच्या डोक्यावर ठेवण्याचा त्याला अधिकार नाही. प्राण्याला झोपवायचं की नाही, हे पात्र पशुवैद्यकाने प्राण्याचे हाल बघून ठरवायचं असतं; घर मिळालं नाही म्हणून नव्हे. लुळेपणा म्हणजे आपोआप यातना नव्हे. खाते, ओळखते, खेळते, कान टवकारते अशी कुत्री मागच्या पायांशिवाय वर्षानुवर्षं मजेत जगतात. उलट वारंवार संसर्ग, न भरणाऱ्या जखमा, अन्न सोडणं, औषधाने न थांबणारी वेदना असेल, तर घर कितीही प्रेमळ असलं तरी तो प्रश्न उभा राहतो. तुम्ही चिंगी घेतलीत तर कधीतरी तो तुमच्यासमोरही येईल. तेव्हाचं आज ठरवायला नको, पण डॉक्टरांशी एकदा बोलून ठेवा.

माझं मत विचाराल तर : मिस्टर दोन वाजताचं काम स्वतःच्या तोंडाने पत्करत नाहीत, तोवर चिंगीला आणू नका. पत्करलं, शिकून घेतलं, तर आणा, पण जूनअखेरपर्यंत सांभाळायला म्हणून. कायमची म्हणून नाही. शाळा सुरू होऊन, पेरण्यांची गर्दी अंगावर घेऊन दोन आठवडे नीट गेले, सासूबाईंच्या दुपारच्या झोपेत खंड पडला नाही, चिंगीच्या अंगावर जखम नाही, तर मग ती तुमची. नाही जमलं तर तरुणाने परत घ्यायचं, हे आधीच एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. वाईट वाटायचं कारण नाही. त्या दोन महिन्यांत तिच्या तपासण्या झाल्या, लसी झाल्या, लघवी कशी काढायची हे दोन माणसं शिकली. पुढच्या घराला ते सगळं कामी येतं. पण एकदा ती तुमची झाली की मग माघार नाही. पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं पडेल अशा ठिकाणी सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

मिस्टर नाही म्हणाले तर? तर चिंगी तुमच्या घरी न येताही तिच्यासाठी पुष्कळ करता येतं. तिचा महिन्याचा खर्च उचला. रविवारी मुलीला घेऊन जा, शेड झाडा, तिचे पंजे तपासा. पत्र्यावर गवत-पाचट टाकून द्यायला चार मुलं गोळा करा. तुम्ही शिक्षिका आहात, गावोगावचे पालक ओळखीचे आहेत. दुपारी घरी असणारं, हात घालायला न लाजणारं एखादं निवृत्त जोडपं तुम्हालाच सापडेल. आणि तुमच्या घरात कुत्रं हवंच असेल, तर त्याच शेडमध्ये तीन पायांचं, एका डोळ्याचं किंवा सकाळ-संध्याकाळ गोळी लागणारं एखादं असेल. त्यांनाही कोणी नेत नाही, आणि त्यांना दुपारी दोनची गरज नाही. असंच पत्र लिहायच्या बेतात असलेल्या इतरांनीही हे आधी बघावं : आजार किती मोठा आहे यापेक्षा तो दिवसाच्या कोणत्या वेळी हात मागतो, आणि त्या वेळी घरात कोण असतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक जोड : भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भाड्याच्या घरात मात्र मालकाशी आधी बोलून, करारात लिहूनच घ्या.

राहिल्या सासूबाई. त्यांना समजवायला जाऊ नका, विचारायला जा. मिस्टरांना सोबत घेऊन, रात्रीच्या जेवणानंतर. आधी सांगा, "आत्याबाई, तुम्ही बोललात ते बरोबर होतं, आम्ही दुपारचा विचारच केला नव्हता." मग मिस्टरांनी बोलावं, तुम्ही नाही : दोनचं काम माझं. आईकडे एकच मागणं, काही विपरीत दिसलं तर फोन करायचा. एवढं ऐकूनही त्या नको म्हणाल्या तर ते नको खरं मानायचं. ज्या घरात दिवसभर एकच माणूस आहे, त्या घरात त्या माणसाच्या मताला जास्त वजन.

आणि त्या तरुणाला आज फोन करा. त्याला सांगा की जूनअखेरपर्यंत तुमचा होकार धरू नको, दुसरं घर शोधणं थांबवू नको, आणि या रविवारी चिंगीला घेऊन परभणीला जायचंय की सोमवारी रजा टाकायची, ते दवाखान्याची वेळ विचारून कळवते.